विस्तवाची राखण : अंड्यांच्या पेटीपासून भिंतीवरच्या थर्मोस्टॅटपर्यंत



मागे आपल्या रेडिओवर आम्ही अंडी उबवण्याच्या मशीनबद्दल बोललो होतो. तो कार्यक्रम ऐकून एका गटातल्या ताईंचा फोन आला. त्यांची लेक इंग्लंडमध्ये नर्स आहे, दोघीतिघींबरोबर भाड्याच्या घरात राहते. ऐन डिसेंबरात तिच्या घरातली ऊब बंद पडली होती. "आई, आमचा वायरलेस थर्मोस्टॅट गेलाय," एवढंच ती म्हणाली होती. ताईंचे प्रश्न दोन. तुमच्या मशीनमधला थर्मोस्टॅट आणि हा एकच का? आणि एवढीशी डबी बिघडली तर अख्खं घर गार कसं पडतं?

हो, एकच. पण नुसतं ‘एकच’ म्हणून भागायचं नाही, कारण ही डबी अंड्यांच्या पेटीतूनच माणसांच्या घरात आली आहे. तिचा प्रवास चारशे वर्षांचा आहे. आज तो सांगतो, आणि ती बिघडली तर काय बघायचं, कशी बदलायची, तेही सांगतो.

आधी ते घर डोळ्यांसमोर आणू. आपल्या आज्यांच्या काळातला तांब्याचा बंब आठवा. मधोमध नळी, तिच्यात गोवऱ्या आणि काटक्या, भोवती पाणी. खालच्या तोंडाने वारा आत गेला की जाळ भडकायचा, ते तोंड झाकलं की मंदावायचा. हे खालचं तोंड लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक घरांत असाच एक बंब असतो, फक्त तो गॅसवर चालतो आणि बहुतेकदा भिंतीवर टांगलेला असतो. त्याला बॉयलर म्हणतात. त्यातलं गरम पाणी पंपाने नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरतं. प्रत्येक खोलीत भिंतीलगत पत्र्याची चपटी, पोकळ पेटी असते, तो रेडिएटर. त्यातून जाताना पाणी खोलीला ऊब देतं, आणि गार होऊन पुन्हा बॉयलरकडे येतं.

आता हा बॉयलर कधी पेटायचा आणि कधी थांबायचा, हे कुणीतरी सांगायला हवं ना? ते काम थर्मोस्टॅटचं. तो स्वतः कणभरही उष्णता देत नाही. खोलीत किती ऊब आहे ते बघतो आणि बॉयलरला दोनच शब्द सांगतो, ‘पेट’ आणि ‘थांब’. वीस अंशांवर लावून ठेवला आणि खोली अठरावर आली, की ‘पेट’. वीस झाले, की ‘थांब’. हे दोन शब्द बॉयलरपर्यंत पोचले नाहीत, तर बॉयलर धडधाकट असूनही गप्प बसून राहतो. घर गार पडतं ते असं.

हे दोन शब्द पूर्वी कोण बोलत होतं? माणूस बोलत होता, आणि बहुतेक घरांत बाई. दूध उतू जायच्या आत लाकूड मागे ओढणारी, भाकरी फुगायला आली की आर पुढे घेणारी, रात्री निखाऱ्यावर राख घालून सकाळपर्यंत विस्तव जपणारी. आपल्यापैकी कितीजणींनी हे केलं आहे आणि अजून करतात. चुलीपाशी बसलेल्या बाईला कुणी तापमान मोजायचं यंत्र म्हणत नाही, पण ती तेच काम करत असते. डोळ्याने, कानाने, हाताच्या पंजाने.

अंड्यांच्या बाबतीत तर ही राखण फारच नाजूक. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस अंशांच्या आसपास ऊब लागते, आणि ती एकवीस दिवस सारखी लागते. कोंबडी खुडूक बसली की ते सगळं ती बघते. पण इजिप्त देशात फार प्राचीन काळापासून कोंबडीशिवाय, हजारो अंडी भट्टीच्या खोल्यांत उबवायची रीत आहे. तिथले कारागीर ऊब बरोबर आहे का हे कसं ओळखायचे? अंडं उचलून डोळ्याच्या पापणीला लावायचे. पापणीची कातडी पातळ असते, थोडासा फरकही तिला कळतो. ही विद्या बापाकडून मुलाकडे जायची. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, पापणी एवढंच साधन.

पापणीचं हे काम पहिल्यांदा यंत्राला दिलं कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या माणसाने. तो हॉलंडचा, आल्कमार गावात १५७२ मध्ये जन्मलेला. आधी तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा, पुढे इंग्लंडला राजा पहिला जेम्स याच्या आश्रयाला गेला. माणूस खटपट्या. पाण्याखालून चालणारी होडी त्याने थेम्स नदीत चालवून दाखवली होती. १६२० च्या सुमारास त्याने एक भट्टी केली, जी आपला विस्तव आपणच सांभाळायची. युक्ती ऐका. भट्टीच्या आत एक काचेचं भांडं, त्यात दारूचा अर्क, आणि त्याला जोडलेल्या वाकड्या नळीत पारा. भट्टी तापली की अर्क फुगतो आणि पाऱ्याला ढकलतो. पारा वर चढला की त्याच्यावर तरंगणारी दांडी वर जाते, आणि दांडीला जोडलेली झडप वाऱ्याची वाट बंद करते. म्हणजे आपल्या बंबाचं तेच तोंड! वारा कमी झाला की जाळ मंद, भट्टी निवली की पारा खाली, झडप उघडी, पुन्हा जाळ. याच बेताने त्याने अंडी उबवायची पेटीही केली.

यातली गंमत लक्षात घ्या. तापलेल्या भट्टीनेच आपल्या हाताने आपलं तोंड मिटायचं. बाहेरून कुणी बघायची गरज नाही. आजच्या सगळ्या थर्मोस्टॅटच्या पोटात हाच विचार आहे.

ड्रेबेल १६३३ मध्ये लंडनमध्ये वारला. त्याच्या यंत्राला माणसांच्या घरात जागा मिळायला फार वेळ लागला. मधल्या काळात ते अंड्यांपाशीच रेंगाळलं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समधल्या बोनमॅं या गृहस्थाने कोंबडीची पिलं उबवायला नळ्यांतून गरम पाणी फिरवलं आणि त्याची ऊब आपोआप राखणारी जोडणीही केली. नळ्यांतून फिरणारं गरम पाणी आणि ते आवरणारं यंत्र, म्हणजे आज इंग्लंडच्या घरात जे आहे, ते आधी पिलांना मिळालं आणि मग माणसांना. यात आम्हाला तरी नवल वाटत नाही. पिलं मेली तर लगेच पैशाचं नुकसान दिसतं. घरात थंडीने कुडकुडणाऱ्या मोलकरणीचा हिशेब कोण लिहितो?

एकोणिसाव्या शतकात गिरण्या आल्या. सुताच्या गिरणीत उष्णता कमीजास्त झाली की मालावर परिणाम होतो. स्कॉटलंडचे रसायनशास्त्रज्ञ अँड्र्यू यूर यांनी १८३० मध्ये एक सोपं साधन काढलं आणि त्याला ‘थर्मोस्टॅट’ हे नाव दिलं. मूळ शब्द ग्रीक भाषेतले, अर्थ असा की उष्णता एका जागी उभी ठेवणारा. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना पाठीला पाठ लावून घट्ट जोडायच्या. तापल्यावर सगळेच धातू वाढतात, पण सारखे वाढत नाहीत. एक जास्त वाढतो, दुसरा कमी. मग जोडपट्टी वाकते. गार झाली की सरळ होते. या वाकण्यासरळ होण्यावर झडप उघडा, मिटा, किंवा विजेची तार जोडा, तोडा.

ही पट्टी तुमच्या घरात आहे. इस्त्री करताना मध्येच ‘टिक्’ असा आवाज येतो आणि दिवा विझतो ना, ती पट्टी वाकली. थोड्या वेळाने पुन्हा ‘टिक्’, दिवा लागला, पट्टी सरळ झाली. ज्या ताई शाळेचे गणवेश शिवून, इस्त्री करून देतात, त्यांना हा आवाज चांगला पाठ असेल.

घर आणि शाळा यांच्यात थर्मोस्टॅट शिरला तो अमेरिकेत, आणि एका शिक्षकामुळे. वॉरन जॉन्सन हे विस्कॉन्सिन राज्यातल्या व्हाइटवॉटर गावी अध्यापक विद्यालयात शिकवायचे. तिकडचा हिवाळा बर्फाचा. तळघरात कोळशाची भट्टी, आणि तिच्यावरचा माणूस मधूनमधून वर्गात डोकावून ऊब बघायचा, पुन्हा तळघरात जाऊन झडपा कमीजास्त करायचा. शिकवण्यात व्यत्यय, आणि तोवर मुलं एकतर गारठलेली नाहीतर घामेजलेली. जॉन्सन यांनी वर्गात पट्टीचं एक साधन बसवलं, त्याची तार तळघरात नेली. वर्ग गार झाला की खाली घंटा वाजे. त्याचं पेटंट त्यांना १८८३ मध्ये मिळालं. म्हणजे पहिल्यांदा या यंत्राने माणसाला घालवलं नव्हतं, त्याचा नुसता जिना वाचवला होता. हाक मारणं यंत्राचं, झडप फिरवणं माणसाचं. दोन वर्षांनी त्यांनी मिलवॉकी शहरात कंपनी काढली.

माणसालाही काढून टाकणारी जोडणी केली मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झ यांनी, १८८५ मध्ये. ते मूळचे स्वित्झर्लंडचे. खोली थंड झाली की वीज सुरू, एक छोटी मोटर फिरते आणि भट्टीची वाऱ्याची झडप उचलते. पुन्हा तेच बंबाचं तोंड बघा! त्या झडपेची कंपनी हात बदलत बदलत पुढे हनीवेल नावाच्या मोठ्या कंपनीत मिसळली.

इथे एका बाईचं नाव सांगायलाच हवं. अ‍ॅलिस पार्कर, न्यू जर्सी राज्यातल्या मॉरिसटाउनच्या, आफ्रिकी वंशाच्या. २३ डिसेंबर १९१९ रोजी त्यांना घर तापवण्याच्या भट्टीचं पेटंट मिळालं. कोळशाऐवजी गॅस जाळायचा, गरम हवा वेगवेगळ्या वाटांनी वेगवेगळ्या खोल्यांत न्यायची, आणि प्रत्येक वाटेची आच वेगळी सांभाळायची, असा तो आराखडा. ज्या खोलीत माणूस आहे तिथेच ऊब, हा विचार आज फार नवा म्हणून विकला जातो. अ‍ॅलिसबाईंनी तो कागदावर मांडला तेव्हा अमेरिकेच्या राज्यघटनेने बायकांना मताचा हक्कसुद्धा दिला नव्हता, तो पुढच्या वर्षी आला. शोधांच्या गोष्टींत ड्रेबेल, यूर, जॉन्सन अशी नावं ओळीने येतात, पार्करबाईंचं नाव शोधावं लागतं.

आता इंग्लंडकडे वळू, कारण ताईंची लेक तिथे आहे. त्या देशात थर्मोस्टॅट फार उशिरा रुजला. घरोघर कोळशाची शेगडी, भिंतीतल्या कोनाड्यात. आच पुढून अंगाला लागते, पाठ गारच राहते. मोठ्या घरांत पहाटे उठून मोलकरीण आदल्या रात्रीची राख काढायची, लोखंडी जाळी घासून काळी करायची, कोळशाच्या बादल्या जिन्याने वर न्यायची, मालकीण जागी व्हायच्या आत आग पेटवायची. गरिबाघरी हेच काम घरधनीण करायची. काजळी पडद्यांवर, कपड्यांवर, भांड्यांवर. आपल्याकडे धुराच्या स्वयंपाकघरात भिंती पुसणाऱ्या बाईला हे समजावून सांगायला नको.

१९५२ च्या डिसेंबरात, ५ तारखेपासून ९ तारखेपर्यंत, लंडनवर धुराचं आणि धुक्याचं दाट झाकण बसलं. घरोघरच्या शेगड्या आणि कारखाने, दोन्हींचा कोळशाचा धूर. त्या वेळी चार हजार माणसं दगावल्याचं सांगितलं गेलं, पुढच्या अभ्यासांत हा आकडा बारा हजारांपर्यंत मांडला गेला. त्यानंतर १९५६ मध्ये धूर आवरण्याचा कायदा झाला. १९६७ पासून दहा वर्षांत घराघरांतल्या गॅसच्या शेगड्या समुद्राखालून काढलेल्या गॅसवर आणल्या गेल्या. आणि तरीही १९७२ साली ब्रिटनमधल्या शंभरातल्या जेमतेम ३७ घरांत सगळं घर एका ठिकाणाहून तापवायची सोय होती. म्हणजे आज तिकडे जे घरोघर आहे, ते आपल्यातल्या चाळिशीपन्नाशीच्या बायकांच्या आयुष्याएवढंच जुनं.

याच इंग्लंडमध्ये बचतगटातल्या बाईला आपली वाटेल अशी एक संघटना होती, आणि तिच्याविषयी जरा सविस्तर सांगायचा मोह आम्हाला आवरत नाही. कॅरोलिन हॅस्लेट नावाची मुलगी, १८९५ मध्ये जन्मलेली, एका बॉयलर तयार करणाऱ्या कंपनीत कारकून म्हणून लागली. पहिलं महायुद्ध सुरू होतं. कागदावर बॉयलर लिहिता लिहिता तिला बॉयलरच शिकावासा वाटला, आणि ती कारखान्यात उतरली. १९१९ मध्ये बायकांच्या इंजिनिअर संघटनेची ती पहिली सचिव झाली, आणि १९२४ मध्ये तिच्या पुढाकाराने ‘बायकांची वीज संघटना’ उभी राहिली. गावोगाव शाखा, शाखेत सभा, व्याख्यानं, वर्ग, परीक्षा, स्वतःचं मासिक. विजेची उपकरणं कशी निवडायची, कशी वापरायची, फ्यूज गेला तर काय करायचं, हे बायका बायकांना शिकवायच्या. १९३४ मध्ये त्यांनी बायकांसाठी विजेची पुस्तिकाच काढली. ही संघटना १९८६ पर्यंत चालली.

वीज कंपन्यांना गिऱ्हाईक हवं होतं म्हणून त्यांचा या संघटनेला पाठिंबा होता, हेही खरं आहे, ते लपवायचं कारण नाही. पण हॅस्लेटबाई नुसत्या जाहिरातदार नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात घरातल्या विजेच्या जोडणीवर विचार करायला तज्ज्ञांची समिती बसली, तिच्यात त्या एकट्या बाई. घरात रांगणारं मूल असतं, त्याचं बोट किंवा खिळा भोकात जाता कामा नये, हा मुद्दा त्या समितीत पुढे आला. म्हणून इंग्लंडच्या पिनच्या भोकांना आतून झडप असते, मोठी पिन आत गेल्यावरच ती सरकते. हे मानक १९४७ चं.

यंत्र आलं की बाईचं काम संपतं, असं मात्र समजू नका. अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३ मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. लाकडं फोडायचं, कोळसा आणायचं पुरुषांचं आणि मुलांचं काम यंत्रांनी घटवलं, पण स्वच्छतेच्या आणि स्वयंपाकाच्या अपेक्षा वाढत गेल्या आणि ते काम बाईच्याच वाट्याला राहिलं, असं त्यांचं म्हणणं. आम्हाला ते पटतं. गिरणी आली, मिक्सर आला, आपली दुपार कुठे रिकामी झाली?

असो. थर्मोस्टॅटकडे परत येऊ. १९५३ मध्ये हनीवेल कंपनीने गोल चकतीचा थर्मोस्टॅट काढला, हेन्री ड्रेफस यांच्या आराखड्याचा. हाताने गोल फिरवायचा आणि हवा तो आकडा लावायचा. आत पट्टीची गुंडाळी आणि तिच्यावर काचेच्या कुपीत पाऱ्याचा थेंब. गुंडाळी वळली की कुपी कलते, थेंब घरंगळतो आणि दोन तारा जोडतो. ड्रेबेलचा पारा सव्वातीनशे वर्षांनी पुन्हा आला. अशा जुन्या चकत्या अजून काही घरांत आहेत. त्या काढल्या तर फोडायच्या नाहीत आणि कचऱ्यातही टाकायच्या नाहीत, पारा विषारी असतो.

पुढे पट्टीच्या जागी इवलासा सेन्सर आला, आकडे पडद्यावर दिसू लागले, आणि मग तार गेली. वायरलेस थर्मोस्टॅट म्हणजे भिंतीवरची डबी ‘पेट’ आणि ‘थांब’ हे शब्द तारेतून न पाठवता रेडिओच्या लहरींवरून पाठवते. हो, रेडिओच! आपण आत्ता बोलतोय तसाच. आपलं केंद्र सगळ्या गावांशी बोलतं, ही डबी एकाच श्रोत्याशी बोलते. तो श्रोता म्हणजे बॉयलरजवळची दुसरी डबी, रिसीव्हर. आपला आवाज टेकडीआड गेल्यावर जसा खरखरतो, तसा तिचा निरोपही जाड दगडी भिंतीआड किंवा पत्र्याच्या कपाटामागे अडखळतो.

म्हणून बिघाड शोधताना तीन जागा धरायच्या : बोलणारी डबी, मधली वाट, ऐकणारी डबी. बॉयलरची वेळ त्यानंतर. ताईंच्या लेकीला आम्ही हेच कळवलं. सगळ्यात आधी भिंतीवरच्या डबीतले सेल बदल. पडदा लागतोय म्हणजे सेल चांगले, असं नसतं, कमजोर सेलवर पडदा लागतो पण निरोप दूर जात नाही. मग ती डबी रिसीव्हरच्या जवळ नेऊन बघ. जवळ चालली आणि लांब चालली नाही, तर दोष वाटेत आहे. त्यानंतर रिसीव्हरवरचं हाताने चालवायचं बटण दाब, बहुतेक रिसीव्हरला ते असतं. बटणाने बॉयलर पेटला, तर बॉयलर ठीक, रिसीव्हरचा स्विचही ठीक, आणि रोग डबीत नाहीतर दोघांच्या बोलण्यात. बटणाने ‘टिक्’ही झालं नाही, तर रिसीव्हर गेला असण्याचा संभव. ‘टिक्’ झालं पण बॉयलर गप्प, तर स्विच खराब झाला असेल किंवा दोष पुढे बॉयलरकडे असेल. ते जाणकाराने बघायचं, आणि बॉयलरचं आतलं झाकण आपण उघडायचं नाही. तिथे गॅसचं काम सरकारी नोंद असलेल्या कारागिरानेच करायचं, असा त्या देशाचा नियम आहे.

आणि भाडेकरणीने तर स्वतःच्या पैशाने काही बदलायच्या आधी घरमालकाला लेखी कळवायचं. घर तापवायची आणि पाणी तापवायची सोय दुरुस्त ठेवणं ही इंग्लंडमध्ये १९८५ च्या कायद्याने मालकाची जबाबदारी आहे. परक्या देशात नव्या आलेल्या मुली हे बोलायला कचरतात. त्यांच्या आयांना तरी हे माहीत असावं, म्हणून इथे सांगितलं.

बदलताना दोन्ही डब्या एकत्र बदलाव्या लागतात, कारण एका कंपनीची डबी दुसरीच्या रिसीव्हरशी सहसा बोलत नाही. रिसीव्हरला घरातली २३० व्होल्टची वीज असते. ते काम वीज जाणणाऱ्यानेच करावं. तो काय करतो हे मात्र आपण उभं राहून बघावं. मेन स्विच बंद करतो, वीज खरोखर गेली का ते टेस्टरने तपासतो. जुन्या तारा सोडायच्या आधी कुठली तार कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढतो, आणि नव्या रिसीव्हरच्या कागदावरच्या खुणा बघून तारा लावतो. दोन तारा रिसीव्हरला वीज देणाऱ्या, दोन बॉयलरला निरोप नेणाऱ्या. या अदलाबदल झाल्या तर बॉयलरचा आतला बोर्ड जळू शकतो. मग झाकण लावून वीज सुरू, आणि दोन्ही डब्यांची ओळख करून द्यायची. दोन्हींवरची बटणं सांगितल्याप्रमाणे दाबून धरली की दिवा लुकलुकतो आणि स्थिर होतो, जुळली जोडी. शेवटी भिंतीवरचा आकडा खोलीच्या ऊबेपेक्षा दोनतीन अंशांनी वर न्यायचा आणि कान द्यायचा. आधी रिसीव्हरची ‘टिक्’, मग थोड्या वेळाने बॉयलरचा आवाज.

डबी ठेवायची कुठे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण नाही. उन्हात किंवा रेडिएटरवर ठेवली तर ती समजते घर उबदार आहे, आणि सगळे गारठतात. दारातल्या वाऱ्यात ठेवली तर बॉयलर थांबायचं नाव घेत नाही आणि बिल वाढतं. जिथे माणसं बसतात त्या खोलीत, साधारण छातीच्या उंचीवर. ती जे बघते तेवढंच सांगते.

आता आपल्या मशीनचं. आमच्या एका गटाचं दोनशे अंड्यांचं मशीन मागच्या उन्हाळ्यात एका रात्रीत जास्त तापलं आणि लावलेली सगळी अंडी गेली. गटाचे पैसे होते, त्यातले काही उसने. तालुक्याहून आलेल्या मिस्त्रींनी मशीन बघून सांगितलं, हे आता मोडीत काढा, नवीन घ्या. गटातल्या दोघीजणी मात्र तिथेच बसून राहिल्या. मशीन रिकामं करून चालू केलं आणि बघत बसल्या. पडद्यावर आकडा साडेसदतीसच्या पुढे जात होता, म्हणजे सेन्सर बघत होता. पण आतले गरम करणारे बल्ब विझत नव्हते, आणि ‘टिक्’ ऐकू येत नव्हती. बघणारा जागा, सांगणाराही जागा, ऐकणारा अडकलेला. आतला छोटा स्विच चिकटून बसला होता. मशीन मोडीत काढायची गरजच नव्हती.

गावातल्या वायरमनला शेजारी उभं करून त्यांनी प्लग काढला, तारांचे फोटो काढले आणि कंट्रोलर बदलला. नवीन कंट्रोलर काही शे रुपयांत आला. नव्या मशीनला हप्ते पडले असते. पहिले दोन दिवस अंडी न लावता मशीन चालवलं, आत साधं थर्मामीटर ठेवून पडद्याशी ताडून बघितलं. शिवाय वायरमनकडून आणखी एक स्विच बसवून घेतला, कंट्रोलर अडकला तरी ठरावीक आकड्याच्या वर वीज तोडणारा. तो कंट्रोलरपेक्षाही स्वस्त पडला.

जुना कंट्रोलर त्यांनी टाकला नाही. प्रशिक्षणाला येणाऱ्या बायकांना तो उघडून दाखवतात. आणि मशीनशेजारी खिळ्याला एक वही बांधली आहे. रात्री दहाला एकीने, पहाटे चारला दुसरीने थर्मामीटर बघायचा, आकडा लिहायचा, खाली सही करायची. या महिन्याच्या पाळ्यांची यादी वहीच्या पहिल्याच पानावर लावली आहे.